दर्यावरील स्वावलंबनाचा ध्यास

दरवर्षी ५ एप्रिल रोजी देशातील बंदरांत राष्ट्रीय सागरी दिन साजरा केला जातो. १९१९ साली याच दिवशी 'लॉयल्टी' नावाची आगबोट उतारू घेऊन मुंबई बंदरातून विलायतेस निघाली होती. त्या घटनेचे स्मरण म्हणून १९६४ पासून हा दिवस पाळण्याची प्रथा पडली. बोटीचे नाव पाठ्यपुस्तकांत आढळते. ती बोट दर्यात लोटणाऱ्या माणसाची आठवण मात्र महाराष्ट्रात निराळ्याच कारणांनी होते. वालचंद हिराचंद म्हटले की इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर, रावळगावची साखर आणि कुर्ल्याचा मोटार कारखाना डोळ्यांपुढे येतो. परंतु त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची तीन दशके ज्या झगड्यात खर्ची पडली, तो झगडा जहाजांचा होता. तो झगडा दोन महायुद्धांच्या छायेत झाला, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे.

युद्धकाळी सरकार निर्बंध घालते. पोलाद, कोळसा, यंत्रे, जहाजांतील जागा, या सर्वांवर नियंत्रण येते. संकटकाळी असे नियंत्रण अपरिहार्यही असते. पण युद्धोपयोगी काय आणि निरुपयोगी काय, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्याच हाती देशातील उद्योगाचे भवितव्यही जाते. वालचंदांच्या चरित्रातून हे सत्य जितक्या स्पष्टपणे प्रत्ययास येते, तितके ते क्वचितच अन्यत्र येईल.

सोलापूरचा कंत्राटदार

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातेतील, धर्माने दिगंबर जैन. वडील हिराचंद नेमचंद यांचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. मुलगा सोलापुरात मॅट्रिक होऊन प्रथम मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि नंतर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेला, पण पदवी न घेताच परतला. घरच्या व्यापारात त्याचे मन रमेना. रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेले लक्ष्मणराव फाटक त्याला भेटले आणि दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. पेढीवरचा व्यापारी मुलगा अशा रीतीने मातीकामात आणि रुळांच्या कामात शिरला. पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत आणि मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसाच्या जलवाहिनीपर्यंत त्याची मजल गेली.

पहिले महायुद्ध आले आणि लष्करी कामांच्या कंत्राटांतून फाटक-वालचंद या कंपनीची भरभराट झाली. हे नमूद करणे अवश्य आहे. वालचंद हे त्यागी देशभक्तांच्या मालिकेतील नव्हते. ते नफा ओळखणारे, धोका पत्करणारे आणि सरकारशी व्यवहार करण्यात कसलाही कमीपणा न मानणारे उद्योजक होते. म्हणूनच त्याच सरकारशी जहाजांच्या प्रश्नावर त्यांचा जो सामना झाला, तो केवळ भावनेचा मानता येत नाही. हिशेबी माणसाला हिशेबातूनच परतंत्रतेची किंमत कळली होती.

एका आगबोटीची खरेदी

१९१९ च्या प्रारंभी दिल्लीहून मुंबईस परतत असताना आगगाडीतील एका इंग्रज सहप्रवाशाशी वालचंदांचे बोलणे झाले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची 'लॉयल्टी' ही बोट विक्रीस आहे, असे त्या बोलण्यातून त्यांना समजले. ही बोट १८९१ सालची, मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. महायुद्धात माधवराव शिंद्यांनी ती विकत घेऊन तिचे रुग्णालय-जहाज केले होते. त्या वेळी जहाजांची टंचाई विलक्षण होती. चार वर्षांच्या लढाईत असंख्य जहाजे समुद्रतळी गेली होती. उरलेल्यांवर सरकारी नियंत्रण होते, विलायतेस जाऊ इच्छिणाऱ्या उतारूंना जागा मिळत नव्हती आणि मालवाहतुकीचे दर गगनाला भिडले होते. वालचंदांनी ही संधी नेमकी हेरली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या मातबर मंडळींसह त्यांनी बोट घेतली. मार्चअखेरीस 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी'ची नोंदणी झाली आणि ५ एप्रिलला बोट निघाली.

हे साहस किती मोठे होते हे समजण्यासाठी थोडे मागे पाहिले पाहिजे. १७३६ मध्ये लवजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची जहाजे बांधण्याची परंपराच निर्माण केली. नेपोलियनशी युद्ध चालू असताना इंग्लंडला ओक लाकडाची चणचण भासली, तेव्हा याच गोदीने ब्रिटिश आरमारासाठी युद्धनौका बांधल्या. १८१० मध्ये पाण्यात उतरलेली 'मिंडेन' ही त्यांतलीच. युद्ध संपता संपता इंग्लंडमध्ये असे कायदे झाले, की हिंदी खलाशी पूर्ण ब्रिटिश खलाशी म्हणून गणले जाऊ नयेत आणि हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांना तेथील व्यापारात पूर्ववत मोकळीक राहू नये. पुढे लोखंड आणि वाफ आली. मुंबईच्या सुतारांचे कौशल्य मागे पडले, आणि नवे कौशल्य येथे रुजविण्याची कोणास निकड वाटली नाही.

त्यानंतर ज्यांनी ज्यांनी दर्यावर पाय ठेवण्याचा प्रयत्न केला, ते परत फिरले. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जपानी कंपनीच्या साह्याने चीन-जपानकडील वाहतूक सुरू करून पाहिली, ती दरयुद्धात टिकली नाही. १९०६ मध्ये चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली. १९०८ मध्ये ते स्वतःच तुरुंगात गेले आणि कंपनी लयाला गेली. हा सारा इतिहास सिंदियाच्या संस्थापकांपुढे होता.

दरयुद्ध आणि करार

किनाऱ्यावरील व्यापार तेव्हा मुख्यतः लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुठीत होता. तिची हत्यारे दोन. पहिले, स्पर्धक दिसताच दर पाडणे. रंगूनहून मुंबईला येणाऱ्या तांदळाचा दर पाहता पाहता निम्म्याहून खाली आला. दुसरे हत्यार अधिक सूक्ष्म होते. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही अंश कंपनी स्वतःकडे ठेवी आणि काही महिन्यांनी परत करी. पण त्या अवधीत त्याने दुसऱ्या कोणाच्या जहाजातून माल पाठविलेला नसेल, तरच. आपलेच पैसे अडकलेले असताना नव्या कंपनीच्या वाटेला कोण जाणार? त्यातच लढाईनंतरच्या तेजीत चढ्या किमतीने घेतलेल्या जहाजांचे मोल मंदीत कोसळले आणि सिंदिया मेटाकुटीला आली.

कंपनी विकत घेण्याची इंचकेप यांची तयारी होती, ती नाकारली गेली. मात्र १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाने जहाजांचा एकूण भार ७५ हजार टनांच्या आत ठेवावा आणि हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिंहलद्वीप यांच्या किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरतेच पाहावे, अशी मर्यादा पडली. राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांना ही शरणागती वाटली, आणि ते अगदीच चूक नव्हते. परंतु टाटांची आणि चिदंबरम यांची कंपनी उरली नाही, सिंदिया उरली, हेही तितकेच खरे. स्वतःला जखडणाऱ्या करारावर सही करून जिवंत राहायचे आणि जिवंत राहून तो करार मोडीत निघण्याची वाट पाहायची, हा मार्ग रुचकर नसला तरी दुसरा मार्ग नव्हता.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे मोटार अपघातात निधन झाले आणि कंपनीची धुरा वालचंदांकडे आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली. मधल्या काळात लढाईचे क्षेत्र कायदेमंडळात सरकले होते. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी किनाऱ्यावरील वाहतूक हिंदी मालकीच्या जहाजांसाठी राखून ठेवणारे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. स्वतःच्या किनाऱ्यावरील वाहतूक स्वतःच्या जहाजांसाठी राखणे ही अनेक सागरी राष्ट्रांची रीत होती. तरीही विधेयक तडीस गेले नाही. उलट १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभावास मज्जाव करणारे कलमच घालण्यात आले. दुबळ्याला संरक्षण देणे म्हणजे बलवानावर अन्याय, असा हा न्याय होता.

विशाखापट्टणमची पायाभरणी

दुसऱ्यांच्या गोदीत बांधलेली जहाजे विकत घेऊन राष्ट्राचा व्यापारी काफिला उभा राहत नाही, याविषयी वालचंदांची खात्री झाली होती. जहाजबांधणीच्या कारखान्यासाठी प्रथम कलकत्त्याकडे प्रयत्न झाला, पण मनाजोग्या अटींवर जागा मिळाली नाही. अखेर निवड झाली ती विशाखापट्टणमची. डॉल्फिन्स नोज या डोंगराच्या आडोशाला वसलेले हे बंदर १९३३ मध्येच वाहतुकीस खुले झाले होते. खोल पाणी, वाऱ्या-वादळापासून आसरा आणि रेल्वेने जोडलेला पोलाद-कोळशाचा मुलूख, असा त्रिवेणी योग तेथे होता.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले. वालचंदांनी सरकारपुढे मोटारी, विमाने आणि जहाजे या तिन्ही उद्योगांच्या योजना ठेवल्या. वाहनांवाचून कोणतेही युद्ध लढता येत नाही, म्हणून सरकार या योजना उचलून धरील, अशी अपेक्षा करणे गैर नव्हते. पण तिघींचे नशीब तीन प्रकारचे निघाले. १९४० मध्ये फ्रान्स पडला, पूर्वेकडे विमाने हवीशी झाली आणि म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढल्याच वर्षी तेथून पहिले शिकाऊ विमान उडाले. परंतु १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा घेऊन कारखाना आपल्या हाती घेतला. मोटार कारखान्याला युद्धकाळी साह्य मिळाले नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली आणि तिच्या गाड्या निघाल्या त्या युद्ध संपल्यावर.

जहाजांच्या बाबतीत उत्तर असे मिळाले, की नवी व्यापारी जहाजे बांधून होण्यास दीर्घ काळ लागेल, म्हणून तो उद्योग युद्धप्रयत्नांचा भाग मानता येत नाही. या एका निर्णयाचा अर्थ फार मोठा होता. युद्धोपयोगी हा शिक्का नसेल तर विलायतेतून वा अमेरिकेतून यंत्रे आणण्यास अग्रक्रम नाही. अग्रक्रम नाही म्हणून जहाजात जागा नाही. नियंत्रित पोलादातून वाटाही नाही. बंदीचा हुकूम कोणी काढलाच नाही, त्याची गरजही पडली नाही. त्याच काळात कॅनडात मालवाहू जहाजे शेकड्यांनी बांधली जात होती आणि ऑस्ट्रेलियातही सरकारच्या पाठबळाने जहाजबांधणी उभी राहत होती. वेळ कमी असल्याची सबब साम्राज्याच्या त्या भागांना लागू पडली नाही.

तरीही २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. ती बसविली व्हाइसरॉयने किंवा गव्हर्नराने नव्हे, तर राजेंद्रप्रसादांनी. वैयक्तिक सत्याग्रहाचे ते दिवस होते. काँग्रेसचे बहुतेक पुढारी कारागृहात होते. ज्या सरकारच्या परवान्यावाचून एक यंत्रही बंदरात उतरणार नव्हते, त्याच्या विरोधकाच्या हातून कोनशिला बसविणे व्यवहारचातुर्याला धरून नव्हते. सरकारी कंत्राटांवर वाढलेल्या माणसाने हे केले, यावरून त्याच्या मनाचा कौल कळतो.

बाँब आणि बुडालेली जहाजे

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरले आणि बंगालचा उपसागर रणक्षेत्र बनला. सिंदियाच्या जहाजांच्या नावांचा आरंभ 'जल' या शब्दाने होत असे. १९४२ च्या एकट्या जानेवारी महिन्यात 'जलराजन', 'जलतरंग' आणि 'जलपालक' ही तीन जहाजे जपानी पाणबुड्यांनी बुडविली. १९४४ मध्ये 'एल मदिना' हे हाज यात्रेकरूंसाठी घेतलेले, पण आता सैनिक नेणारे जहाज शेकडो माणसांसह बुडाले. ज्यांच्या मालकांना नवे जहाज बांधण्याची सवड नव्हती, त्यांची जुनी जहाजे मात्र सरकारने कामाला घेतली होती. त्यांवरचे कोकणी, गुजराती, बंगाली खलाशी सरकारी मार्गांवर, सरकारी दरांत, मृत्यूच्या जबड्यातून ये-जा करीत होते. युद्धोपयोगी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या खलाशांनी प्राण देऊन दिले होते.

६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणमवर जपानी विमानांनी बाँब टाकले. शेजारच्या काकिनाड्यावरही हल्ला झाला. हानीपेक्षा घबराट मोठी होती. लोक शहर सोडून गेले आणि जहाज कारखान्याचे काम थांबले. तिकडे बंगालमध्ये, शत्रूच्या हाती काही पडू नये म्हणून सरकारने नदीमुखांतील हजारो होड्या काढून घेतल्या वा नष्ट केल्या. मासेमारी आणि धान्याची ने-आण त्यामुळे मोडली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्याच्या कारणांत या धोरणाची गणना इतिहासकार करतात. नौका ही केवळ श्रीमंतांच्या व्यापाराची वस्तू नाही. ती हिरावली गेली की गरिबाच्या पानातला घास जातो, ही गोष्ट विशाखापट्टणमहून फार दूर नसलेल्या त्या मुलखाने दाखवून दिली.

'जलउषा'

युद्ध संपले, पण टंचाई संपली नाही. १९४६ मध्ये पहिल्या जहाजाच्या बांधणीस आरंभ झाला. १४ मार्च १९४८ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते आठ हजार टन भारवाहनाच्या 'जलउषा'चे जलावतरण झाले. कोनशिलेपासून या क्षणापर्यंत पावणेसात वर्षे लोटली होती. युद्धप्रयत्नांच्या दृष्टीने फार वेळ लागेल म्हणून जे काम दूर सारले गेले, त्याला खरोखरच फार वेळ लागला. मात्र तो वेळ मुख्यतः दूर सारल्यामुळेच लागला.

किनाऱ्यावरील वाहतुकीचा प्रश्नही याच सुमारास सुटला. सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४७ मध्ये असा अभिप्राय दिला, की हिंदी नौकानयन म्हणजे हिंदी लोकांच्या मालकीचे, ताब्यातले आणि व्यवस्थेखालचे नौकानयन, आणि किनाऱ्यावरची सर्व वाहतूक त्याच्याच हाती असावी. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच ते धोरण अमलात आले. हाजींच्या विधेयकाला वीस वर्षांनी न्याय मिळाला, तो सत्ता बदलल्यामुळे.

या यशाला एक उपरोधाची किनारही होती. विशाखापट्टणमला जहाज बांधण्याचा खर्च ब्रिटनपेक्षा अधिक येई. सरकारने तफावत सोसल्याखेरीज ग्राहक मिळेनात आणि खाजगी कंपनीला हा भार पेलवेना. १९५२ मध्ये सरकारने दोनतृतीयांश भाग घेतले, 'हिंदुस्थान शिपयार्ड' अस्तित्वात आले आणि १९६१ मध्ये उरलेला हिस्साही सरकारकडे गेला. परक्या सरकारच्या अडवणुकीमुळे जो उद्योग रखडला, तो स्वकीय सरकारच्या आधारावाचून उभा राहू शकला नाही. यात वालचंदांच्या धोरणाचा पराभव पाहणारे पाहोत. जहाजबांधणीत राज्याचे पाठबळ लागते, हेच तर ते वीस वर्षे सांगत आले होते.

ते दृश्य पाहण्याची प्रकृती मात्र उरली नव्हती. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. 'लॉयल्टी'च्या प्रस्थानाला तेव्हा चौतीस वर्षे आणि तीन दिवस झाले होते.

न संपलेला हिशेब

सिंदियाची जहाजे आज दर्यावर दिसत नाहीत. विशाखापट्टणमचा कारखाना २०१० पासून संरक्षण खात्याकडे आहे. भारताच्या परदेश व्यापारातील जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास माल भारतीय जहाजांतून जातो आणि बाकीच्या वाहतुकीचे भाडे परदेशी कंपन्यांच्या पदरी पडते. शांततेच्या काळात हे कोणास जाणवत नाही, कारण भाडे मोजले की जहाज मिळते. परंतु २०२१ मध्ये साथीच्या काळात मालाचे कंटेनर मिळेनासे झाले आणि दर अनेक पटींनी चढले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर आफ्रिकेला वळसा घालण्याची वेळ आली. अशा प्रत्येक प्रसंगी कोणत्या देशाचा माल आधी उचलायचा हे जहाजाचा मालक ठरवितो, माल पाठविणारा नव्हे.

जमाखर्चाच्या वहीत वाढलेल्या सोलापूरच्या या माणसाने हे सूत्र दोन महायुद्धांच्या अनुभवातून ओळखले होते. जहाज बांधण्यास बराच काळ लागतो, युद्ध मात्र एका रात्रीत सुरू होते. तेव्हा जहाजांची तयारी शांततेच्या काळातच करावी लागते. सागरी दिनाच्या सोहळ्यात 'लॉयल्टी'ला अभिवादन करताना विशाखापट्टणमच्या त्या रखडलेल्या पावणेसात वर्षांचेही स्मरण ठेवले, तरच वालचंदांच्या आयुष्याचा हिशेब पुरता मांडला असे म्हणता येईल.